रिव्हर्समध्ये आवाज नाही

आमची गाडी जुनी आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, हाताने गिअर टाकायची, पुढची चाकं ओढणारी, आणि इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलेलं. दीड लाख किलोमीटर कधीच मागे पडले. या वयाच्या गाडीला थोडाफार आवाज असायचाच, पण त्यातला तिचा नेहमीचा कुठला आणि नवा कुठला, हे रोज चालवणाऱ्याला बरोबर कळतं. हा आवाज नवा होता. गाडी उभी असताना काही नाही. पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडीने ओढ घेतली, की खालून कुठूनतरी खडखड सुरू व्हायची. वेग घेतला की बंद. दुसऱ्या गिअरला पुन्हा तेच, जरा कमी. चढ असला तर चांगली लांबायची.

एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून रेस दिली, कान लावला आणि म्हणाला, "ताई, टायमिंग चेन सैल झालीय. रनिंग बघा ना केवढं झालंय. चेन, टेन्शनर, गाईड, सगळा सेटच टाकावा लागेल."

निदान अशक्य कोटीतलं नव्हतं. मला खटकलं ते वेगळंच. त्याने रेस दिली तेव्हा तो आवाज आलाच नव्हता. "एकदा ट्रायल मारून बघता का?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "चालवून वेगळं काय कळणार?" जो आवाज ऐकलाच नाही त्याच्यासाठी इंजिनची पुढची बाजू उघडायला मी तयार नव्हते. गाडी घरी आणली आणि ठरवलं, आवाजाचा माग आपण काढायचा आणि तोवर एकही पार्ट बदलायचा नाही.

टायमिंग चेन म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालावर ठेवणारी इंजिनच्या आतली साखळी. तिची भीती मी कमी लेखत नाही. चेन सैल होऊन दातांवरून घसरली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ बिघडतो, आणि बऱ्याच इंजिनांत ते एकमेकांवर आदळतात. मग व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. म्हणून ही शंका खोडायची असेल तर पुराव्याने खोडायला हवी होती. आणि पुरावा गोळा करताना मी आवाज कुठून येतो हा प्रश्न बाजूला ठेवून तो केव्हा येतो हे आधी लिहायला घेतलं.

त्याला कारण आहे. आवाजाची जागा शोधायला निघालेला माणूस हमखास फसतो. मी चालवत असताना आवाज माझ्या पायांखालून यायचा. दादा चालवायला बसला आणि मी मागच्या सीटवर, तर तो मागच्या चाकाजवळून येतोय अशी खात्री वाटली. गाडीचं सगळं अंग पत्र्याचं आणि एकमेकांना वेल्ड केलेलं. एका टोकाला बसलेला हादरा फ्लोअरमधून, खांबांमधून कुठेही पोहोचतो आणि जिथला पत्रा मोठा आणि मोकळा असेल तिथे मोठ्याने वाजतो. कान फसतो. पण आवाज कुठल्या गिअरला आला, किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) आला, गाडी ओढत होती की सुटी होती, इंजिन गार होतं की तापलेलं, या नोंदी फसवत नाहीत.

त्याआधी एक कंटाळवाणं काम उरकलं. गाडी पूर्ण रिकामी केली. डिकीतला जॅक, टॉमी (लोखंडी पहार), पाने, स्टेपनी, ग्लोव्ह बॉक्स आणि दरवाजांच्या खणांतल्या वस्तू, सगळं बाहेर. नंबर प्लेट, बॅटरीचा पट्टा, इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा हाताने हलवून पाहिल्या. मागच्या सीटचं लॉक वाजत होतं, त्यात फोमची पट्टी घातली. हे न करता पुढे गेलं तर या छोट्या आवाजांमुळे प्रत्येक चाचणी संशयास्पद होते. मुख्य खडखड अर्थातच तशीच राहिली.

मग वही. दादाने चालवायचं आणि मी शेजारी बसून लिहायचं. एकट्याने हे करू नये, कारण कान आणि रस्ता दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष राहत नाही.

पहिला प्रश्न रस्त्याचा. खराब रस्त्यावर, खड्ड्यांतून, अगदी हळू गाडी नेली. सस्पेन्शनमधले लिंक रॉड, शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट यांचा आवाज असता तर तिथे आलाच असता. आला नाही. अशा रस्त्यावर ब्रेकला नुसता पाय टेकवायचा. त्याने खडखड थांबली तर कॅलिपरच्या पिना किंवा पॅडच्या क्लिपा सैल आहेत असं समजायचं. इथे थांबायला मुळात आवाजच नव्हता. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी फिरवली, ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटची कटकट नाही.

दुसरा प्रश्न वेगाचा. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी थोड्या वेगात असताना क्षणभर न्यूट्रल केली. चाकं, बेअरिंग, ब्रेक डिस्क यांपैकी काही वाजत असतं तर चाकं फिरताहेत तोवर वाजत राहिलं असतं. न्यूट्रल करताच सगळं शांत. एक सांगते, ही चाचणी इंजिन चालू ठेवूनच करायची. इंजिन बंद केलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींची मदत जाते.

म्हणजे आवाज इंजिनशी बांधलेला होता. पण इंजिनच्या कशाशी?

सकाळी गार इंजिन चालू करून बॉनेटजवळ उभी राहिले. चेनला ताण देणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, त्यामुळे चेन किंवा टेन्शनर झिजला असेल तर पहिले काही सेकंद, दाब तयार होईपर्यंत, समोरून स्पष्ट खडखड येते आणि मग विरते. आमच्याकडे गार इंजिन गुपचूप सुरू व्हायचं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी ठीक. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चेनच्या कव्हरवर टेकवून मुठीला कान लावला, तर आतून नुसती एकसारखी घरघर. अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीची पुली, सगळीकडे असंच ऐकलं. हे करताना केस घट्ट बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली आणि बाह्या दुमडलेल्या हव्यात. बेल्ट समोर फिरत असतो आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून पाहिला. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) यांचा मेळ चुकला की येणारा पी००१६ हा कोड नव्हता, मिसफायरचाही, म्हणजे सिलिंडर नीट न पेटल्याचाही, नव्हता. कोड नाही म्हणजे गाडी ठणठणीत असा अर्थ मी घेतला नाही. कॉम्प्युटरला तेवढंच कळतं जेवढं सेन्सर सांगतात, आणि सैल पत्र्यासाठी सेन्सर नसतो. पण गार इंजिनची शांतता, कव्हरवरचा स्वच्छ आवाज आणि कोड नसणं, या तिन्ही गोष्टी एका दिशेने बोलत होत्या. उभ्या गाडीत रेस दिल्यावरही चेन वाजायला हवी होती, कारण गाडी उभी असो की चालती, इंजिनबरोबर ती फिरतच असते.

टॅपेटचाही, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागाचाही, विचार केला. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला ८०० आरपीएम धरले तर एक सैल टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळा वाजणार, आणि ती टकटक सुटी सुटी ऐकू येते. आमची खडखड सलग होती. तिचा जोर १४०० ते १८०० आरपीएमच्या पट्ट्यात. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ५० धक्के. या धक्क्यांच्या तालावर काहीतरी कशावर तरी आपटत होतं, असा माझा अंदाज झाला.

ओढ घेतानाच येतो म्हणून नॉकिंगची शंका येणं साहजिक होतं. सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेटतं आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, तो आवाज. बारीक छर्रे डब्यात खुळखुळवावेत तसा तो वाजतो, आणि खूप वरच्या पट्टीतला असतो, साधारण ६ ते ७ किलोहर्ट्झ. आमचा आवाज त्या मानाने जाड होता. शिवाय नॉकिंगला वरचा गिअर आणि कमी आरपीएम आवडतात. चौथ्या गिअरला गाडी मुद्दाम रेंगाळत ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर काही नाही. ही नोंद मी वहीत अधोरेखित केली, कारण ती मला विचित्र वाटली. तेच १५०० आरपीएम, पाय जवळपास तितकाच दाबलेला, पण पहिल्या गिअरला मोठी खडखड, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला जेमतेम, चौथ्या-पाचव्याला शांतता. इंजिनच्या आतला भाग वाजत असेल तर त्याला गिअर कुठला आहे याचं काय पडलंय?

उत्तर मिळायच्या आधी खालून पाहणं गरजेचं होतं. गाडी सपाट, टणक जमिनीवर घेऊन जॅकने उचलली, स्टँडवर नीट बसवली, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. जॅक उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. सायलेन्सर पूर्ण गार होऊ दिला होता. रबरी हातोड्याने मागच्या टोकापासून पुढे एकेक जागा ठोकत गेले. मागचा डबा भरीव वाजला. रबरी हँगर शाबूत. मधला पाईप ठीक. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर ठोकलं तेव्हा कान अगदी जवळ नेला. त्याच्या आत सिरॅमिकची बारीक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटलं किंवा खालून मार बसला तर ती जाळी फुटते आणि तुकडे आत खुळखुळतात. तेच तुकडे पुढे अडकले तर धूर बाहेर पडायची वाट चोंदते आणि गाडीचा दम जातो. आमचं कन्व्हर्टर घट्ट होतं.

पण त्याच्यावरचं हीट शिल्ड, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, झणझणलं. पातळ पत्रा, एका बोल्टभोवतीचं भोक गंजून इतकं मोठं झालेलं, की बोल्ट जागेवर घट्ट आणि पत्रा त्याच्याभोवती मोकळा. रुंद वॉशर घालून तो बोल्ट परत आवळला.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि थांबावंसं वाटणं स्वाभाविक आहे. सैल पत्रा सापडला, खडखड पत्र्याचीच होती, झालं. मात्र वही उघडली तेव्हा लक्षात आलं, की हे शिल्ड सगळ्या नोंदी उलगडत नाही. सैल शिल्ड न्यूट्रलमध्येही त्याच आरपीएमला वाजायला हवं, आणि पाचव्या गिअरलाही. आमच्या नोंदीत न्यूट्रलला फार तर बारीकशी किणकिण होती. ट्रायल घेतली तर ती किणकिण गेली होती आणि पहिल्या गिअरची खडखड होती तिथेच होती. उलट वरचा झंकार गेल्यामुळे ती आता जास्त स्पष्ट, ठोस ऐकू येत होती. सापडलेला दोष आणि शोधत असलेला दोष एकच असेल असं नाही. जुन्या गाडीत तर दोन-तीन दोष शेजारी शेजारी नांदत असतात.

खरा धागा मिळाला तो गाडी मागे घेताना. चढाची जागा होती, दादा रिव्हर्समध्ये गाडी वर चढवत होता आणि इंजिनवर चांगला जोर होता. तोच म्हणाला, "अगं, मागे घेताना आवाज नाहीये."

खरंच नव्हता. आरपीएम तेवढेच, ओढ तेवढीच, खडखड शून्य. गाडी थांबवून पहिला गिअर टाकला, पुढे घेतली, की हजर. पुन्हा रिव्हर्स, गायब. हे दोन-चारदा करून पाहिलं आणि दर वेळी तेच.

आता गिअरचं कोडं सुटलं. समजा त्या क्षणी इंजिन ८० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतंय. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण ३.५ आणि फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) साधारण ४ धरा. चाकांकडे जाणारा टॉर्क होतो ८० × ३.५ × ४, म्हणजे ११२० न्यूटन-मीटर. इंजिन आडवं बसवलेल्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल इंजिनलाच जोडलेले असतात. चाकांना जितक्या जोराने पुढे फिरवावं तितक्याच जोराने हा सगळा जोड उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला आवरतात ती इंजिन माउंटिंगं, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे रबरी आधार. पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८ घेतलं तर हाच गुणाकार २५६ वर येतो, पहिल्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. इंजिन तेवढंच काम करत असतं, पण त्याला फिरवू पाहणारा जोर गिअरगणिक बदलतो. आणि रिव्हर्सचं गुणोत्तर पहिल्या गिअरच्या आसपासच असतं, त्यामुळे जोर तेवढाच, फक्त दिशा उलटी.

थोडक्यात, आवाज इंजिनच्या आतला नव्हताच. इंजिन पुढे ओढताना मागे कलत होतं, आणि कलल्यावर त्याला जोडलेलं काहीतरी कुठेतरी टेकत होतं. मागे जाताना ते उलट्या बाजूला कलायचं आणि टेकणारी जागा दूर जायची. एसीचा कॉम्प्रेसर जोडला जाताना कधीमधी एकदाच येणारा "खट्" आवाजही मी वहीत लिहून ठेवला होता. तोही यात बसला, कारण त्या झटक्यानेही इंजिन हलतं.

खात्रीसाठी बॉनेट उघडं ठेवून पाहिलं. गाडीच्या पुढे आणि मागे कोणी नाही, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पायाचा ब्रेक दाबलेला. दादाने पहिल्या गिअरला क्लच पकडण्याच्या बिंदूपर्यंत आणला, क्षणभरच, कारण जास्त वेळ धरलं तर क्लच जळतो. मी बाजूला उभी. इंजिनचा वरचा भाग मागे असा काही झुकला, की एअर फिल्टरचा पाईप ताणला गेला. त्याबरोबर खालून खडखड. रिव्हर्सला इंजिन पुढे झुकलं आणि आवाज नाही.

एका ओळखीच्या मेकॅनिक काकांकडे लिफ्ट आहे. त्यांच्याकडे गाडी नेली आणि वही समोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली. चेनविषयी कोणी काय म्हणालं हे मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "ते राहू द्या ताई. आधी पाईप कुठे घासलाय ते बघू."

गाडी वर गेली. काकांनी टॉर्च लावला आणि जवळजवळ लगेच बोट ठेवलं. एक्झॉस्टचा पुढचा पाईप इंजिनच्या खालून मागे येतो, तिथे त्याच्या जोडाची कडा क्रॉसमेंबरच्या, म्हणजे गाडीखालच्या आडव्या पोलादी तुळईच्या, मागच्या ओठाजवळून जाते. सगळीकडे तपकिरी गंज आणि चिखलाचा थर. फक्त त्या कडेवर नखाएवढा एक डाग लखलखीत. त्याच्या बरोबर समोर, क्रॉसमेंबरच्या ओठावर, तसाच दुसरा डाग. काळा रंग उडून खालचं पोलाद उघडं पडलेलं, मध्ये किंचित खोलगट, भोवती बारीक राखाडी भुकटी. मी बोट फिरवलं तर कडा गुळगुळीत लागली. रोज आपटून आपटून पॉलिश झालेली. दोन्ही डागांमध्ये त्या वेळी बोटभर अंतर होतं, आणि गाडी उभी असताना ते तसंच असणार. म्हणूनच रेस देऊन काही ऐकू येत नव्हतं.

तरी काकांनी आणखी एक पडताळणी सुचवली आणि मला ती फार आवडली. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची जाडसर घडी करून ती क्रॉसमेंबरच्या ओठावर तारेने बांधली. तिथे उष्णता असते, म्हणून चिकटपट्टी किंवा माती चालत नाही. गाडी खाली घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरला एक फेरी मारली. परत वर घेतली तेव्हा फॉइल डागाच्या जागी ठोकून ठोकून फाटलेली, बाकी ठिकाणी कोरी. पाईप तिथेच आपटतो यात आता काही शंका उरली नाही.

पाईप वाकवून अंतर वाढवणं हा झटपट उपाय होता, आणि तो बऱ्याच ठिकाणी केलाही जातो. आवाज जातो, इंजिन कलत राहतं. मग हळूहळू पाईपची जाळीदार लवचीक नळी फाटते, ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट आणि गिअरच्या केबलवर ताण येतो. काका त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी खालच्या माउंटिंगकडे, टॉर्क रॉडकडे, टॉमी लावली. हा रॉड एका टोकाला गिअरबॉक्सशी आणि दुसऱ्या टोकाला क्रॉसमेंबरशी जोडलेला असतो. इंजिनचं वजन तो पेलत नाही. त्याचं काम इंजिनला कलू न देणं एवढंच. टॉमी जराशी दाबली आणि अख्खं इंजिन पुढेमागे डुललं. मोठ्या बुशातलं रबर मधल्या लोखंडी नळीपासून पूर्ण सुटलं होतं. बाहेरून पाहिलं तर ते जागेवर असल्याचा भास होत होता, कारण फाटलेल्या कडा एकमेकांना टेकलेल्या होत्या. टॉमी लावल्यावरच फट उघडायची.

सुटलेलं रबर हातात घेतलं तेव्हा ते चिकट आणि फुगलेलं लागलं. रबर वयाने आणि उष्णतेने कडक होतं, त्याला चिरा पडतात. ते मऊ होऊन फुगत असेल तर त्याला ऑइल लागलंय. वर पाहिलं तर गिअरबॉक्समधून ड्राइव्ह शाफ्ट बाहेर येतो तिथल्या ऑइल सीलभोवती ओल होती. थेंब पडण्याइतकी गळती नव्हती, म्हणून जमिनीवर कधी डाग दिसला नाही. मात्र ती पाझरून बरोबर या बुशावर उतरत होती. सीलमधून ऑइल, ऑइलने रबर, रबर गेल्याने इंजिनला कल, आणि कलल्याने पाईपचा मार. पहिल्या गिअरच्या खडखडीचं मूळ एका रबरी सीलमध्ये होतं.

सील न बदलता नवा टॉर्क रॉड टाकला असता तर त्याचीही तीच गत झाली असती, म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी केली. सीलसाठी ड्राइव्ह शाफ्ट काढावा लागतो आणि गिअरबॉक्समधलं ऑइल उतरवून परत भरावं लागतं, त्यात वेळ गेला. टॉर्क रॉड बसवणं त्या मानाने लवकर झालं. पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात. ते जास्त टिकतात, पण इंजिनची थरथर केबिनमध्ये येते. रोजच्या वापराच्या गाडीला मी साधं रबरच घेतलं.

बसवताना काकांनी जी काळजी घेतली ती सांगायलाच हवी. बोल्ट आधी हलके लावले. मग इंजिन हाताने पुढेमागे डोलवून त्याच्या नैसर्गिक जागी बसू दिलं आणि त्यानंतर टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळले. इंजिन कललेलं असताना बोल्ट आवळले तर बुशातलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. एक्झॉस्टच्या पुढच्या जोडाचे नटही सैल करून पाईपला नवीन जागी स्थिरावू दिलं, मग घट्ट केले. इतके दिवस कललेल्या इंजिनबरोबर त्यालाही वाकडं राहायची सवय झाली होती.

फॉइलची नवी घडी बांधूनच ट्रायल घेतली. पहिला गिअर, चढ, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. आवाज नाही. फॉइल परत आल्यावर पाहिली, तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

आणखी दोन गोष्टी बदलल्या, ज्यांची तक्रार मी केलीच नव्हती. गाडी सुटताना क्लच सोडला की एक हिसका बसायचा, तो मी क्लचच्या वयाच्या खाती टाकला होता. तो गेला. आणि पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना लागणारी अडखळ गेली. इंजिन-गिअरबॉक्स डुलत असेल तर गिअरच्या केबलची लांबीच जणू दर वेळी बदलते, त्यामुळे गिअर नीट पडत नाही. आयडलिंगला सुरुवातीला स्टिअरिंगमध्ये किंचित जास्त थरथर जाणवली, कारण नवं रबर कडक होतं. नंतर ती कमी झाली.

त्यानंतरच्या सर्व्हिसला काकांनी गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा सील कोरडं होतं आणि हीट शिल्डचा वॉशर पकडून होता. चेनचं कव्हर अजून कोणी उघडलेलं नाही; ऑइल वेळेवर बदलणं आणि गार इंजिनचे पहिले सेकंद ऐकणं मी चालू ठेवलंय. इंजिनचं वजन पेलणाऱ्या वरच्या माउंटिंगवर मात्र बारीक चिरा दिसायला लागल्या आहेत. त्यांचा फोटो तारखेसह काढून ठेवलाय, पुढच्या सर्व्हिसला शेजारी ठेवून बघायला.